उत्तरायणला कोणी कामावर नव्हतं, तरी ४० जीबी आर्काइव्ह लॉग

प्रकरण वडोदऱ्याचं आहे. मकरपुरा जीआयडीसीत स्पेअर पार्टचं मोठं गोडाऊन, हेड ऑफिस अलकापुरीत, मालक गुजराती, स्टोअर सांभाळणारे काका दांडिया बाजारातले मराठी आणि डेटाबेस बघायला मी. ओरॅकल १९सी, स्टँडर्ड एडिशन, लिनक्सवर. गोडाऊनमधला सर्व्हर मेन, आणि तिथून आर्काइव्ह लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद असलेल्या, जपून ठेवलेल्या फाइली) एका स्क्रिप्टने अलकापुरीच्या दुसऱ्या सर्व्हरवर कॉपी होऊन तिथे लागतात, म्हणजे एक पडला तर दुसरा उभा करता येईल. स्टँडर्ड एडिशनला डेटा गार्ड (दुसरा सर्व्हर तयार ठेवायची ओरॅकलची स्वतःची सोय) नाही, त्यामुळे अशी घरगुती सोय.

जानेवारीच्या सुरुवातीला एका सकाळी कोणालाच लॉगिन होईना. ओआरए-००२५७, आर्काइव्हर अडकला. म्हणजे रिकव्हरी एरिया (आर्काइव्ह ठेवायला ठरवून दिलेली जागा) भरला, नवा आर्काइव्ह लिहायला जागा नाही, आणि जागा नाही तर डेटाबेस पुढे काहीच बदल स्वीकारत नाही. चलान निघेना, गेटवर गाड्या उभ्या. तिथे एरिया ८० जीबीचा होता आणि आरमॅन (ओरॅकलचा बॅकअपचा प्रोग्राम) दर दोन दिवसांनी आर्काइव्हचा बॅकअप घेऊन जुने उडवायचा. रोज २५ जीबी धरले तर दोन दिवसांचे ५०, आरामात मावायचे. आता रोज ४५ बनत होते, दोन दिवसांचे ९०, मग मावणार कसे.

त्या सकाळचं काम सोपं होतं. डिस्कवर जागा होती म्हणून डीबी_रिकव्हरी_फाइल_डेस्ट_साइज, म्हणजे त्या एरियाची मर्यादा, वाढवून १५० केला, आरमॅनने बॅकअप घेऊन जुने आर्काइव्ह काढले, दहा मिनिटात गाड्या हलल्या. इथे एक सांगून ठेवतो कारण घाईत हे सगळीकडे होतं: ऑपरेटिंग सिस्टिममधून आरएम मारून फाइली उडवू नका. डिस्क रिकामी दिसते पण कंट्रोल फाइलच्या (डेटाबेस आपल्या फाइलींची यादी ठेवतो ती) हिशोबात त्या फाइली अजून तिथेच असतात, एरिया भरलेलाच राहतो, मग क्रॉसचेक करा, एक्स्पायर्ड डिलीट करा, आणि त्यातली एखादी फाइल दुसऱ्या सर्व्हरवर गेलेलीच नसेल तर तो सर्व्हर पुन्हा पहिल्यापासून बनवायचा.

शेठ म्हणाले, "डिस्क केटलानी आवे (कितीला येते)? मागवून टाका." मी म्हटलं डिस्क मागवू, पण धंदा तेवढाच आहे आणि लॉग जवळपास दुप्पट झालाय, ते का ते आधी बघू द्या. कारण खरी अडचण डिस्कची नव्हतीच, मकरपुरा ते अलकापुरी लाइनची होती. ४५ जीबी त्या लाइनवरून वेळेत जात नव्हते आणि दुसरा सर्व्हर रोज थोडा थोडा मागे पडत चालला होता. डिस्क कितीही घेतली तरी लाइन तेवढीच. काकांनीही तेच सांगितलं, "अहो, गाड्या तेवढ्याच, चलानं तेवढीच, माणसं दोन कमीच झाली. लिहितंय कोण एवढं?"

काकांचा प्रश्नच बरोबर होता. लिहितंय कोण.

शोधायच्या आधी रिडोत (बदलांचा लॉग, तोच पुढे आर्काइव्ह होतो) नेमकं काय भरतं ते थोडक्यात, कारण बऱ्याच जणांना वाटतं की जेवढा डेटा टाकला तेवढा लॉग. तसं नाहीये. ब्लॉकमध्ये (डेटा साठवायचा छोटा तुकडा) जो जो बदल होतो तो रिडोत जातो, आणि एका रो-च्या अपडेटमध्ये बदल एकच नसतो: टेबलच्या ब्लॉकमधला बदल, जुनी किंमत अनडूमध्ये (बदल मागे घेता यावा म्हणून) लिहिली तो अनडू ब्लॉकचा बदल, ज्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे तो कॉलम बदलला तर इंडेक्समधली जुनी नोंद काढणं आणि नवी घालणं, या दोन्हींचा परत वेगवेगळा अनडू, वर कमिटची (बदल पक्का केल्याची) नोंद. टेबल आहे तेवढंच राहतं, एक एमबीही वाढत नाही, आणि लॉग ढिगाने बनतो. म्हणून टेबलांचे साइज बघून "कुठलंच टेबल वाढलं नाही हो" म्हणणाऱ्याला यात काहीच सापडत नाही.

पहिलं काम, कधी. इथे बहुतेक लोक व्ही$लॉग_हिस्टरीमधून (व्ही$ने सुरू होणारी नावं म्हणजे डेटाबेसची स्वतःची माहिती देणारे तक्ते) दर तासाला किती लॉग स्विच झाले, म्हणजे एक लॉग फाइल बंद होऊन दुसरी सुरू झाली, ते मोजतात. आमच्याकडे तो आकडा बिनकामाचा होता. आर्काइव्ह_लॅग_टार्गेट ९०० सेकंदांवर लावलेला, म्हणजे काही होवो न होवो दर १५ मिनिटांनी स्विच, दिवसाचे ९६ तिथेच ठरले. लॉग फाइल १ जीबीची. डिसेंबरातही दिवसाला शंभराच्या आसपास स्विच आणि जानेवारीतही शंभराच्या आसपास, फरक एवढाच की आधी फाइल पाव भरून बंद व्हायची आणि आता त्याहून बरीच जास्त भरून. त्यामुळेच रोजच्या मॉनिटरिंगच्या मेलमध्ये कोणाला काही दिसलं नाही. मोजायचं ते व्ही$आर्काइव्ड_लॉगमधून, ब्लॉक्स गुणिले ब्लॉक_साइज, तासाप्रमाणे बेरीज. ज्यांचे आर्काइव्ह दोन ठिकाणी लिहिले जातात त्यांनी डेस्ट_आयडीची अट घालावी, नाहीतर सगळं दुप्पट दिसतं आणि माणूस उगाच घाबरतो. मागची हिस्टरी कंट्रोल फाइलमध्ये किती टिकते ते कंट्रोल_फाइल_रेकॉर्ड_कीप_टाइमवर अवलंबून, डिफॉल्ट ७ दिवस, आमच्याकडे ६० केलेला होता म्हणून डिसेंबर पूर्ण मिळाला.

तासांचा तक्ता समोर आल्यावर दोन गोष्टी दिसल्या. रात्री २ ला एक उंच टोक, साधारण ६ जीबीचं, ते डिसेंबरातही तसंच होतं. आणि बाकी चोवीस तास एक सपाट थर, तासाला सव्वा-दीड जीबी, दुपारी जेवायच्या वेळी तेवढाच, पहाटे ४ ला तेवढाच, रविवारीही तेवढाच. हा थर २९ डिसेंबरच्या संध्याकाळी एकदम वर चढलेला. त्याआधी तो साधारण अर्ध्यापेक्षा खाली होता.

आणि मग आलं उत्तरायण. बडोद्यात राहणाऱ्याला सांगायला नको, १४ आणि १५ जानेवारी, उत्तरायण आणि वासी उत्तरायण, अख्खं शहर गच्चीवर असतं, उंधियू आणि जिलेबी आणि दोरा, कारखान्यात कुत्रं फिरत नाही. दोन्ही दिवस एकही चलान फाटलं नाही, ईआरपीत एक माणूस लॉगिन नव्हता. १५ तारखेचा आर्काइव्ह निघाला ४० जीबी. म्हणजे माणसं करतात तो सगळा धंदा मिळून रोजचा ५ जीबी, आणि उरलेले ४० मशीन स्वतःशीच लिहीत बसलंय. पैसे देऊन अशी टेस्ट मिळत नाही, तुमच्या गावात जो कुठला कडक बंद असलेला दिवस असेल त्या दिवसाचा आकडा आधी काढा.

या मधल्या काळात ज्याला त्याला एक संशयित सुचत होता. एक म्हणाला बॅकअपमुळे असेल. हे चुकीचं नाही: टेबलस्पेस (डेटा फाइलींचा गट) बिगिन बॅकअपमध्ये ठेवलं आणि एंड करायचं राहून गेलं, तर प्रत्येक ब्लॉकच्या पहिल्या बदलाला आख्खा ब्लॉक रिडोत जातो. पण आरमॅनला त्या मोडची गरजच नसते, आणि व्ही$बॅकअपमध्ये एकही फाइल ॲक्टिव्ह नव्हती. दुसरा म्हणाला सप्लिमेंटल लॉगिंग कोणीतरी सगळ्या कॉलमवर लावलं असेल. तेही होऊ शकतं, मग एक कॉलम बदलला तरी पूर्ण रो लॉगमध्ये. व्ही$डेटाबेसमध्ये बघितलं, फक्त मिनिमल चालू होतं, ऑल कॉलम्स नाही. दोन क्वेरींमध्ये दोन्ही बाजूला झाले.

आता कोण. व्ही$सेसस्टॅटमध्ये प्रत्येक सेशनचा "रिडो साइज" असतो, व्ही$स्टॅटनेमशी जोडून आणि व्ही$सेशनमधून प्रोग्राम, मॉड्यूल घेऊन लावला की यादी येते. ही यादी जशीच्या तशी वाचली की माणूस फसतो. सेशन लॉगिन झाल्यापासूनची बेरीज असते ती, त्यामुळे पंधरा दिवस उघडं असलेलं ॲप्लिकेशनचं कनेक्शन पहिल्या नंबरवर दिसतं, त्याने त्यात काही विशेष केलेलं नसतं. म्हणून दोनदा फोटो काढायचा, मधे १० मिनिटं, आणि वजाबाकी. ती केली तर सगळ्या सेशनची मिळून वाढ निघाली अगदी चिल्लर, आणि त्याच १० मिनिटांत व्ही$सिसस्टॅटमधली पूर्ण सिस्टिमची वाढ दोनशे एमबीच्या वर. बेरीज जुळत नाही! जुळत नाही याचाच अर्थ असा की लिहिणारा दोन फोटोंच्या मधे आला, लिहून गेला, आणि सेशन संपल्याबरोबर त्याचा आकडाही व्ही$सेसस्टॅटमधून गेला. म्हणजे शोधायचा तो छोटा, सारखा येणारा-जाणारा.

अशाला पकडायला लॉगऑफ ट्रिगर, म्हणजे सेशन बंद होताना आपोआप चालणारा कोड. बिफोर लॉगऑफ ऑन डेटाबेस, आत व्ही$मायस्टॅटमधून स्वतःचा रिडो साइज वाचून, युजर, मशीन, प्रोग्राम आणि वेळेसकट एका टेबलात टाकायचा, १ एमबीच्या खालचे सोडून द्यायचे नाहीतर तो ट्रिगरच नवा त्रास. किल झालेल्या सेशनला हा ट्रिगर चालत नाही, पण आपल्याला सभ्यपणे बाहेर पडणारा हवा होता. तासाभरात टेबल भरलं आणि वाद संपला: दर दोन मिनिटांनी एक एसक्यूएलप्लस (डेटाबेसला कमांड द्यायचा ओरॅकलचा प्रोग्राम), गोडाऊनच्याच एका मशीनवरून, आठ-दहा सेकंद थांबतो, ४५-५० एमबी रिडो करून जातो. दोन मिनिटांनी परत. दिवसाला ७२० वेळा. गुणाकार करून बघा, ३४ जीबीच्या आसपास येतो.

हा होता रॅकवाला प्रोग्राम. गोडाऊनमध्ये १४० रॅक, प्रत्येकावर स्कॅनर, स्कॅनरचं सॉफ्टवेअर दर दोन मिनिटांनी एक फाइल टाकतं ज्यात सगळ्या ३६,००० जागांचा स्टॉक, बदललेला नाही, सगळा. डेटाबेस ती फाइल एक्स्टर्नल टेबल म्हणून वाचतो (त्याला रिडो लागत नाही) आणि एक प्रोसिजर लूप फिरवून रॅक_स्टॉक टेबलात एकेक रो अपडेट करते, प्रत्येक रो-नंतर कमिट. पण गंमत अशी की हा प्रोग्राम दोन वर्षांपासून असाच चालू होता. तो बनवणारे सरळ म्हणाले, आम्ही काही बदललं नाही, तुमचा डेटाबेस बघा. आणि ते खरं बोलत होते, कोडमधली शेवटची तारीख मागच्या वर्षीची होती.

मग तेच काम २९ डिसेंबरनंतर जड का झालं? आता सेगमेंट, म्हणजे कुठलं टेबल किंवा इंडेक्स. एडब्ल्यूआर (ओरॅकल कामगिरीची मागची नोंद ठेवतो ती) इथे नाही, त्याला एंटरप्राइझ आणि वरून डायग्नोस्टिक्स पॅकचं लायसन्स लागतं. लायसन्स नसताना डीबीए_हिस्टच्या व्ह्यूंना हात लावू नका, वापराची नोंद राहते. पण व्ही$सेगमेंट_स्टॅटिस्टिक्स सगळ्यांना आहे, त्यात "डीबी ब्लॉक चेंजेस" हा आकडा, त्याचाही दोनदा फोटो आणि वजाबाकी. हा आकडा बाइटमध्ये नसतो, किती वेळा ब्लॉक बदलला एवढंच, पण बोट दाखवायला पुरतो. वाटलं होतं रॅक_स्टॉक टेबल पहिलं येईल. ते आलं दुसरं. पहिला नंबर त्याच टेबलावरच्या एका इंडेक्सचा, लास्ट_सिंक कॉलमवरच्या. डीबीए_ऑब्जेक्ट्समध्ये त्याची क्रिएटेड तारीख: २९ डिसेंबर, संध्याकाळचे ६.

डिसेंबर एंडला स्टॉक मोजणी असते. काकांना एक रिपोर्ट हवा होता की कुठल्या जागेचा डेटा चोवीस तासांत आलेलाच नाही, स्कॅनर मेला असेल तर कळावं म्हणून. रिपोर्ट हळू चालत होता, ज्याने बनवला त्याने लास्ट_सिंकवर इंडेक्स लावला, रिपोर्ट फास्ट झाला, सगळे खुश. सिलेक्टच्या बाजूने बघितलं तर एकदम योग्य काम. अपडेटच्या बाजूने काय झालं ते त्या दिवशी कोणी बघितलं नाही, आणि बघायचं कुठे हेही कोणी सांगितलेलं नसतं.

पुरावा म्हणून एक आर्काइव्ह फाइल लॉगमायनरमध्ये (लॉग वाचायचं ओरॅकलचं साधन) उघडली. ॲड_लॉगफाइल, स्टार्ट_लॉगमायनर ऑनलाइन कॅटलॉग घेऊन, आणि व्ही$लॉगमायनर_कंटेंट्स आधी एका टेबलात उतरवून घेतला, कारण प्रत्येक क्वेरीला तो फाइल पहिल्यापासून परत वाचतो (उतरवताना आपणही रिडो करतो हे लक्षात ठेवून, एकच फाइल). सेगमेंट आणि ऑपरेशनवर ग्रुप केलं तर रॅक_स्टॉकचे अपडेट बाकी सगळ्यांना झाकून टाकत होते. आणि एसक्यूएल_रिडोमधली एक ओळ काकांना दाखवली ती अशी होती: क्वांटिटी ३४० केली, जिथे क्वांटिटी ३४० होती, लास्ट_सिंक १०:४२ केला जिथे तो १०:४० होता. पुढची ओळ तशीच. त्याच्या पुढचीही. काका चष्मा वर करून म्हणाले, "म्हणजे काहीच झालं नाही हे दर दोन मिनिटांनी छत्तीस हजार वेळा लिहून ठेवतोय हा?" हो, आणि उत्तरायणला पण.

टेस्ट सर्व्हरवर एका रो-चा हिशोब काढला, अपडेट आणि कमिटच्या आधी आणि नंतर व्ही$मायस्टॅट. इंडेक्स नसताना साधारण ५५० बाइट, इंडेक्स असताना १,३०० च्या आसपास. वेळेच्या कॉलमवरचा इंडेक्स आणखी एका कारणाने वाईट: नवी किंमत नेहमी सगळ्यात मोठी, म्हणून सगळ्या नव्या नोंदी उजव्या टोकाच्या लीफ ब्लॉकमध्ये, तो भरला की स्प्लिट, आणि डावीकडे मेलेल्या नोंदींचे ब्लॉक रिकामे होत राहतात. ३६,००० नोंदींचा इंडेक्स फिरत राहतो नुसता.

एक प्रश्न मला विचारला गेला तो रास्त होता: एवढे कमिट होत होते तर लॉग फाइल सिंकची (कमिट डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबण्याची) बोंब का नाही झाली, कोणाला स्लो का नाही वाटलं? कारण पीएल/एसक्यूएलच्या (डेटाबेसच्या आतच चालणाऱ्या कोडच्या) लूपमधल्या कमिटला ओरॅकल थांबवत नाही, लॉगरायटरची (लॉग लिहिणाऱ्या प्रोसेसची) वाट शेवटी एकदाच बघतो. तेच काम जावातून एकेक कमिट करून केलं असतं तर पहिल्या दिवशी ओरड झाली असती. इथे सगळं गुपचूप.

दुरुस्तीत इंडेक्स उडवणं सोपं होतं, तरी आधी आठवडाभर इनव्हिजिबल करून ठेवला की कुठला रिपोर्ट त्यावर अडतो का कळावं. त्या आठवड्यात रिडो एक एमबीने कमी झाला नाही आणि त्यावरून ऑफिसात थोडं ऐकावंही लागलं, पण ते तसंच असतं, इनव्हिजिबल इंडेक्स ऑप्टिमायझरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्याला) दिसत नाही, डीएमएल (इन्सर्ट, अपडेट, डिलीट) मात्र त्याला नेहमीसारखा सांभाळत राहतो. ड्रॉप केल्यावर आकडा पडला, ४५ चा २५.

पण २५ वर थांबणं मला पटत नव्हतं, कारण त्यातलेही १४ हे काहीच न झाल्याचे. प्रोसिजर बनवणारा मुलगा म्हणाला, "दादा, लास्ट_सिंक तर लागणारच, त्याशिवाय स्कॅनर मेलेला कळणार कसा?" काकांशी बसल्यावर कळलं की त्यांना जागेप्रमाणे हवंच नव्हतं. "मला आयटम नको रे बाबा, रॅक सांग. स्कॅनर रॅकला असतो." मग १४० रो-चं वेगळं टेबल, रॅक आणि शेवटची वेळ, तेवढंच दर दोन मिनिटांनी अपडेट. आणि मुख्य टेबलाला लूपऐवजी एक मर्ज (फाइल आणि टेबल जुळवून बदल करणारी एकच कमांड), एक कमिट, अपडेटला व्हेअर लावून की क्वांटिटी खरोखर वेगळी असेल तरच. इथे नलची (रिकाम्या किमतीची) खोच आहे: नुसतं "जुनी बरोबर नाही नवी" लिहिलं तर एका बाजूला नल असलेला रो कधीच अपडेट होत नाही, म्हणून डीकोड वापरला, तो दोन नलना सारखं धरतो. दिवसाला अडीच कोटींच्या वर अपडेट होत होते, आता दर फेरीत काहीशे.

राहिलं रात्री २ चं टोक. ते नवीन नव्हतं म्हणून कोणाच्या डोळ्यावर येत नव्हतं. २५ लाख रो-चा मटेरियलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचं उत्तर साठवून ठेवलेलं टेबल), तीन इंडेक्स, रोज कम्प्लीट रिफ्रेश. अॅटॉमिक_रिफ्रेश डिफॉल्टला ट्रू असतो आणि मग ओरॅकल आधी सगळ्या रो डिलीट करतो, नंतर साध्या इन्सर्टने परत भरतो, डिलीटमध्ये प्रत्येक रो आणि तिच्या तीनही इंडेक्स नोंदी अनडूत आणि रिडोत. फॉल्स केलं की ट्रंकेट (एका फटक्यात टेबल रिकामं) आणि डायरेक्ट पाथ इन्सर्ट (सरळ नवे ब्लॉक भरणं). मधे काही मिनिटं व्ह्यू रिकामा दिसतो, रात्री २ ला बघणारा कोणी नाही. ६ जीबीचा १ झाला. नोलॉगिंग करून (रिडो न लिहिता भरून) तो १ पण वाचवा असं एकाने सुचवलं, ते केलं नाही. अलकापुरीचा सर्व्हर याच लॉगवर जगतो, तिथे ते ब्लॉक करप्ट निघाले असते, आणि तसंही डेटाबेस फोर्स लॉगिंगवर आहे, नोलॉगिंग मानतच नाही. फास्ट रिफ्रेशचाही विचार झाला, पण त्याला बेस टेबलवर व्ह्यू लॉग (बदलांची वेगळी नोंद) लागतो आणि मग दिवसाच्या प्रत्येक चलानाला जास्तीचा रिडो, सौदा पटला नाही.

सध्या रोजचा आर्काइव्ह साडेसहा-सात जीबी आहे. रिकव्हरी एरिया परत ८० वर आणला. दुसरा सर्व्हर पहिल्याच्या मागे १५-२० मिनिटांवर असतो, ते बहुतेक आर्काइव्ह_लॅग_टार्गेटचेच. लॉगऑफ ट्रिगर डिसेबल करून ठेवलाय, काढलेला नाही. मॉनिटरिंगच्या मेलमधून स्विचचा आकडा काढून तिथे दर तासाचे एमबी टाकले, आणि शेठनी मागवलेली डिस्क मार्चमध्ये आली, ती आता चलानांच्या स्कॅन कॉपी ठेवायला लावली आहे.